तान्ह्या लेकरांवरची दलाली बंद करा!

नवी मुंबईतल्या सीवूड्समधल्या कोणत्याही मोठ्या सोसायटीच्या फाटकावर जो सुरक्षारक्षक उभा असतो, त्याला तिथे पाठवणाऱ्या कंपनीला सरकारचा परवाना लागतो. त्यासाठी केंद्राचा 2005 चा कायदा आहे. कंपनीच्या मालकाची पार्श्वभूमी तपासली जाते, रक्षकाची पडताळणी होते आणि केंद्राच्या नमुना नियमांत त्याला 100 तास वर्गातले व 60 तास प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण सांगितले आहे. नव्या प्रकल्पातला फ्लॅट विकून देणाऱ्या एजंटाला महारेराची नोंदणी लागते, आता परीक्षाही द्यावी लागते. रिक्षा चालवणाऱ्याला बॅज लागतो. आणि त्याच फाटकातून आत जाऊन चौदाव्या मजल्यावरच्या सहा महिन्यांच्या बाळाला दिवसभर कडेवर घेणारी बाई ज्या ब्युरोने पाठवली, त्या ब्युरोला काय लागते? एक मोबाइल आणि एक छापील करारनामा. परवाना नाही, परीक्षा नाही, तपासणी नाही, अनामत नाही. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांचा 2017 चा कायदा झाला तेव्हा दहापेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेला नोंदणीतूनही मोकळीक मिळाली, नुसती सूचना दिली की भागते. दोन खुर्च्यांच्या ब्युरोला तेवढीही कुणी विचारणा करत नाही. भिंतींची दलाली करणाऱ्यावर कायदा आणि तान्ह्या जिवांची दलाली करणाऱ्याला मोकळे रान, ही या राज्याची स्थिती आहे. आम्ही तिला राज्यकर्त्यांचा गुन्हा म्हणतो.

करावे गावाला हा विषय परका नाही. पाम बीच रस्त्याच्या एका अंगाला एनआरआय कॉम्प्लेक्स आणि खाडीकडे तोंड केलेल्या इमारती, दुसऱ्या अंगाला करावे गावठाण. एकेकाळी भातशेती, मिठागरे आणि मासेमारीवर जगलेले हे आगरी-कोळी गाव. 1970 मध्ये शहर वसवणारी सिडको आली आणि 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात लढा पेटला आणि पाच जण पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्या रक्ताच्या किमतीवर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना मिळाली आणि ती मिळताच दलाल गावोगाव फिरू लागले. कागद न वाचता सह्या घेतल्या गेल्या आणि कोट्यवधींचे भूखंड कवडीमोलाने गेले. मधला माणूस दोन्हीकडून खातो आणि वेळ आली की दोघांनाही ओळखत नाही, हे करावे, दारावे, सारसोळे या गावांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. आज त्याच गावठाणांतल्या भाड्याच्या खोल्यांतून, आणि उरणची लोकल सुरू झाल्यापासून पार तिकडूनही, शेकडो बाया समोरच्या इमारतींत बाळे सांभाळायला जातात. मराठवाड्यातून, विदर्भातून, बंगाल, झारखंड, आसाममधून आलेल्या बाया चोवीस तासांच्या कामासाठी त्याच इमारतींत ठेवल्या जातात. त्यांच्या आणि त्या घरांच्या मध्ये दलाल पुन्हा उभा आहे.

त्याचा धंदा कसा चालतो ते पाहा. मातृत्व रजेचा कायदा 2017 मध्ये सुधारला, पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे रजा झाली. सत्ताविसाव्या आठवड्यात आईला ऑफिसला हजर व्हायचे असते. सासू गावी, आई आजारी, नवरा बेंगळुरूच्या विमानात. 50 किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी असे कायद्यात लिहिले आहे, पण ती सोय हाताशी असलेल्या किती आया तुम्हाला माहीत आहेत? मग घाईघाईने ब्युरोला फोन जातो. ब्युरोवाला दोन दिवसांत बाई आणतो. बाईच्या एका महिन्याच्या पगाराइतके कमिशन घरातून आगाऊ घेतो. अकरा महिन्यांचा करार, त्यात ठरावीक वेळा बदली बाई देण्याचे आश्वासन. वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा करारनामा असेल त्यांनी तो आज कपाटातून काढून शांतपणे वाचावा. चोरीला ब्युरो जबाबदार नाही. बाईच्या वागणुकीला ब्युरो जबाबदार नाही. बाळाला इजा झाली तर ब्युरो जबाबदार नाही. बाई न सांगता निघून गेली तर पैसे परत नाहीत. असल्या करारनाम्यात एकच कलम ठणठणीत असते, ते कमिशनचे.

बाईकडच्या कागदाचे काय? बहुतेक वेळा तिच्याकडे कागदच नसतो. तिच्या पहिल्या पगारातून ब्युरो आपला हिस्सा कापतो. नाव नोंदवण्याचे पैसे वेगळे, गावाहून आणल्याचे भाडे वेगळे. कुणाचे मूळ आधार कार्ड ब्युरोच्या खणात अडकते, कुणाचा पहिला महिना “जमा” म्हणून राहतो आणि तिने मधेच काम सोडले की बुडतो. घर तिला किती पगार देते आणि ब्युरो तिला किती सांगतो, हे दोन आकडे एकमेकांना भेटू नयेत म्हणून पगार ब्युरोमार्फत द्या असा आग्रह धरला जातो. दोन घरांतला पूल म्हणवून घेणारा हा माणूस दोघांना बोलू देत नाही. त्याचे पोट त्या अबोल्यावरच चालते.

“आमच्या सगळ्या बाया पडताळणी केलेल्या आहेत” हे या धंद्याचे घोषवाक्य, आणि आम्ही त्याला सरळ फसवणूक म्हणतो. पडताळणी म्हणजे काय? फार तर पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. त्या दाखल्याचा अर्थ एवढाच की या नावावर, या पत्त्यावर, नोंदींत गुन्हा सापडला नाही. बाळाला ताप चढला तर ती काय करील, दूध पाजल्यावर ढेकर काढते का, रडण्याने तिचा संयम किती वेळात सुटतो, याबद्दल त्या कागदात एक अक्षर नसते, आणि असणार कसे? ते सांगू शकतात ती घरे, जिथे तिने आधी मूल सांभाळले. तो फोन करण्याचे कष्ट किती ब्युरो घेतात? आणि बहुतेकांकडे तो पोलिसी दाखलाही नसतो. असते ती आधार कार्डाची झेरॉक्स. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, वागणुकीचा नाही. ती झेरॉक्स दाखवून आईबापांच्या जिवाला थंडावा विकला जातो. ही भेसळ आहे. दुधात पाणी घालणाऱ्यावर अन्न व औषध प्रशासन धाड घालते. भरवशात पाणी घालणाऱ्यावर कोण घालणार?

याचे फळ काय असते ते नवी मुंबईने पाहिले आहे. नोव्हेंबर 2016. सीवूड्सहून दोन स्थानकांवरचे खारघर. एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला तिथल्या आयाने मारले, आपटले, लाथा घातल्या. ते सारे सीसीटीव्हीत होते आणि आईबापांनी तक्रार करीपर्यंत कुणी ते पाहिले नव्हते. साऱ्या देशाने ती दृश्ये पाहिली. आया पकडली गेली, चालक महिलेलाही अटक झाली आणि तिला लगेच जामीन मिळाल्यावर लोक रस्त्यावर आले. त्या वेळी महाराष्ट्राला कळले की खासगी पाळणाघराला परवाना देणारे, त्याची तपासणी करणारे, तिथल्या आयांची पात्रता ठरवणारे खातेच राज्यात नाही. मंत्र्यांनी नियमावलीची भाषा केली. केंद्राने 2018 मध्ये पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक तत्त्वे काढली, पण मार्गदर्शक तत्त्व मोडल्याबद्दल कुणाला तुरुंग होत नाही. पाळणाघरात निदान भिंतीवर कॅमेरा होता, शेजारी दुसरी मुले होती, दारावर पाटी होती. बंद दाराआडच्या घरात काय आहे? बाल न्याय कायद्याच्या 75 व्या कलमात सांभाळणाऱ्याने मुलाला क्रूरपणे वागवले तर तीन वर्षे आणि संस्थेने नेमलेला माणूस किंवा संस्थाचालक दोषी असेल तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. ब्युरोवाला त्यातून सुटतो, कारण मूल त्याच्या ताब्यात कधीच नव्हते. त्याने फक्त बाई दिली आणि पैसे घेतले.

पण हा अग्रलेख केवळ फ्लॅटवाल्यांच्या भीतीसाठी लिहिलेला नाही. भीती चौदाव्या मजल्यावर जशी आहे तशी गावठाणातल्या खोलीतही आहे, आणि तिथली भीती कुणी बातमीत घेत नाही. चोवीस तासांच्या बाईचा हिशेब मांडा. वीस हजार पगार धरू. तीस दिवस, दिवसाला चौदा जागते तास. तासाला 48 रुपयेही पडत नाहीत, आणि रात्री बाळ उठले की तिने उठायचे ते यात धरलेलेच नाही. आठवड्याची सुट्टी नाही. झोपायला बाळाच्या खोलीतली जमीन. जेवण सगळ्यांचे झाल्यावर. घरी जाण्याची लिफ्ट वेगळी, फाटकावर पिशवी उघडून दाखवायची. बांगडी सापडली नाही की पहिला संशय तिच्यावर, पोलीस ठाण्याच्या बाकावर तिला दिवसभर बसवून ठेवायचे आणि संध्याकाळी बांगडी उशीखाली मिळाली की माफीचा एक शब्द नाही. घरातल्या पुरुषाने हात धरला तर? 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घर हे कामाचे ठिकाण आहे आणि घरकाम करणारी बाई, मग ती थेट ठेवलेली असो वा एजन्सीमार्फत, त्या कायद्याच्या छत्राखाली आहे. तिच्या तक्रारीसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. करावे गावठाणातल्या दहा बायांना विचारा, ती समिती कुठे बसते. आणि ज्या ब्युरोने तिला त्या घरात पाठवले, त्याने हा कायदा तिच्या कानावर घालण्याची तसदी घेतली का तेही विचारा.

इथे आम्ही मूळ प्रश्नावर येतो. पडताळणी एकाच बाजूची का? बाईचा फोटो, आधार, जुना पत्ता, नवऱ्याचे नाव, जात, धर्म, सगळे घराच्या हातात दिले जाते. घराबद्दल बाईच्या हातात काय दिले जाते? फ्लॅट क्रमांक. या घरात गेल्या वर्षी किती बाया आल्या आणि का गेल्या, तिला सांगत नाहीत. जुळे आहे हे दारात गेल्यावर कळते. बाळाला फिट येते हे पहिल्या फिटेच्या वेळी कळते. घरात दारू पिऊन आरडाओरडा होतो, मागच्या बाईचा दोन महिन्यांचा पगार थकवला आहे, हे शेजारच्या घरची बाई लिफ्टमध्ये कुजबुजते तेव्हा कळते. सोसायटीच्या फाटकावरच्या अ‍ॅपमध्ये बाईला तारे दिले जातात. घराला तारे देण्याचा रकाना कुठे आहे? आई आपले मूल अनोळखी बाईच्या हाती देते हे खरे, पण तिच्या दारात उभी असलेली बाईही एकटी, परक्या भाषेत, परक्या घरात आपले शरीर आणि आपली अब्रू अनोळखी माणसांच्या हाती देत असते. तिची चौकशी करण्याचा हक्क घराला असेल तर घराची चौकशी करण्याचा हक्क तिला आहे. हा हक्क नाकारून चालवलेली पडताळणी म्हणजे पाळत आहे.

आणि आता त्या तिसऱ्या जिवाकडे वळू, ज्याच्या नावाने हा सारा बाजार चालतो आणि ज्याला करारावर सही करता येत नाही. ब्युरोचा नफा कशात आहे ते नीट समजून घ्या. बाई एका घरी पाच वर्षे टिकली तर ब्युरोला कमिशन मिळाले एकदा, फार तर नूतनीकरणाचे तुकडे. तीच बाई वर्षात दोन घरे फिरली तर कमिशन दोनदा. म्हणून बदली बाईच्या हमीची मुदत संपता संपता बाईला दुसऱ्या घरून फोन येतो, “तिथे दोन हजार जास्त आहेत, गावी जाते म्हणून सांग.” बाई गावी जाते. घराला वाटते बायाच बेइमान. बाईला वाटते ब्युरोने भले केले. पुढच्या घरून पहिल्या महिन्याचा हिस्सा पुन्हा कापला जातो. आणि दीड वर्षाचे ते बाळ, जे हिच्या अंगाच्या वासाने झोपत होते, हिच्या हातूनच भाताचा घास घेत होते, ज्याने “आई”च्या आधी “मावशी” म्हणायला सुरुवात केली होती, ते आठवडाभर दाराकडे बघत राहते. अन्न टाकते. रात्री किंचाळून उठते. डॉक्टर म्हणतात दात येत असतील. पुढची बाई येते, तिची सवय होते, तीही जाते. सांभाळणारे माणूस टिकणे ही तान्ह्या मुलाची भुकेइतकीच सच्ची गरज आहे, हे बालमानसाचा अभ्यास करणारे गेली सत्तर वर्षे सांगत आहेत. त्या गरजेच्या नेमक्या उलट दिशेला ज्या धंद्याचा नफा आहे, तो धंदा आपण मुलांच्या खोलीत शिरू दिला आहे. आम्हाला या साऱ्या प्रकरणात याहून अधिक चीड कशाचीही येत नाही.

घरांनाही आम्ही सोडणार नाही. बाईने मुलाला चापट मारली म्हणून तिला काढता आणि पुढच्या घराचा फोन आला की “चांगली होती, गावी गेली” म्हणून सांगता, कारण नसती कटकट नको. तुमच्या त्या गप्प बसण्याची किंमत दुसऱ्याचे बाळ मोजते. चार वर्षे जिवापाड सांभाळणाऱ्या बाईला मात्र कामाचा दाखला लिहून देत नाही, कारण दाखला मिळाला तर ती जाईल. तिच्या आयुष्याची कमाई तुम्ही कपाटात कोंडून ठेवता. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर बाईचा फोटो टाकून “हिला ठेवू नका” लिहिता. तिची बाजू ऐकली का? आरोप सिद्ध झाला का? एका संदेशाने चार इमारतींतले तिचे काम बंद होते आणि तिच्या मुलांच्या शाळेची फी थकते. बाळ सांभाळायला ठेवलेल्या बाईकडून भांडी, लादी, पाहुण्यांचा चहा करून घेता आणि मग बाळाकडे लक्ष नव्हते म्हणून तिच्यावर ओरडता. कोवळी पोर स्वस्तात मिळते म्हणून तिचे वय विचारत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवणे 10 ऑक्टोबर 2006 पासून गुन्हा आहे, आणि तो गुन्हा ब्युरोइतकाच तुमचाही आहे.

मूल परक्या हाती सोपवणे ही काही आजची गोष्ट नव्हे. 14 मे 1657 रोजी पुरंदरावर शंभूराजे जन्मले, सईबाईंची प्रकृती बरी नव्हती, तेव्हा कापूरहोळची धाराऊ गाडे त्यांची दूधआई झाली. ती कुणाची कोण, कुठल्या गावची, कुठल्या घरची, हे गडावर ठाऊक होते, आणि आपण कुठे जातो आहोत हे तिलाही ठाऊक होते. तिचे मुलगे पुढे शंभूराजांच्या सेवेत उभे राहिले. दोन घरे एकमेकांना बांधली गेली. याच्या उलट उदाहरण इंग्रजी अमदानीतले. गोऱ्या कुटुंबांनी मुंबई-कलकत्त्याहून आपल्या मुलांसोबत आया जहाजावर चढवल्या आणि कित्येकींना लंडनला उतरल्यावर परतीच्या तिकिटाविना रस्त्यावर सोडले. अशा आयांसाठी लंडनमध्ये निवारा चालवावा लागला, हॅकनीतल्या त्या घरावर 2022 मध्ये निळी पाटी लागली. आजच्या ब्युरोची नाळ कापूरहोळशी जुळत नाही, त्या जहाजाशी जुळते.

सरकार काय करते? 2008 मध्ये महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. 1980 चा पुण्यातल्या मोलकरणींचा संप, 1985 पासून मुंबईत सिस्टर जीन डेव्होस यांनी उभी केलेली राष्ट्रीय चळवळ, नागपुरात रूपाताई कुलकर्णींनी बांधलेली विदर्भ मोलकरीण संघटना, अशा लढ्यांच्या रेट्याने तो आला. मंडळ उभे राहायला 2011 उजाडले. त्या कायद्यात कल्याणाच्या योजना आहेत, पण कामाचे तास नाहीत, किमान वेतनाची हमी नाही, आणि ब्युरोवर तर बंधनच नाही. 2021 च्या टाळेबंदीत सरकारने नोंदणीकृत घरेलू कामगारांना 1,500 रुपये जाहीर केले, आणि ज्यांची नोंदणी झाली नव्हती त्या हात हलवत राहिल्या. केंद्राच्या ई-श्रम पोर्टलवर देशातल्या अडीच कोटींहून अधिक घरकामगारांनी नावे नोंदवली आहेत. ही माणसे अदृश्य आहेत ही सबब आता कोणत्याही सरकारला उरलेली नाही.

इतरांनी निदान हात तरी घातला. छत्तीसगडने 2013 मध्ये खासगी प्लेसमेंट एजन्सींचा कायदा केला, दिल्लीने 2014 मध्ये आदेश काढला, झारखंडने 2016 मध्ये एजन्सी आणि घरकामगार दोघांसाठी कायदा केला. आपल्या लेकी परमुलखात विकल्या जाताना पाहून छत्तीसगड, झारखंड या गरीब राज्यांना जाग आली. ज्या राज्यात त्या लेकी येतात, ते श्रीमंत महाराष्ट्र राज्य झोपले आहे. ब्रिटनमध्ये काम शोधणाऱ्याकडून एजन्सीने पैसे घेणे 1973 च्या कायद्याने बंद आहे, आणि 2003 च्या नियमांप्रमाणे मुलांच्या कामावर कुणाला पाठवायचे तर नातेवाईक नसलेल्या दोघांचे दाखले एजन्सीने स्वतः मिळवावे लागतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा घरकामगारांचा 189 वा करार जून 2011 मध्ये संमत झाला. भारताने बाजूने मत दिले आणि मान्यतेची सही आजवर केली नाही. दलालाचे शुल्क कामगाराच्या पगारातून कापू नये, हे त्या कराराच्या 15 व्या कलमात आहे. 29 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अजय मलिक खटल्यात घरकामगारांसाठी कायद्याची पोकळी आहे असे स्पष्ट सांगितले आणि केंद्राला समिती नेमायला लावली. न्यायालयाला दिसलेली पोकळी मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरून का दिसत नाही?

आणि महाराष्ट्राला उपाय शोधायला लंडनला जाण्याची गरजच नाही. तो वाशी-तुर्भ्याच्या बाजारात आहे. मुंबईच्या बाजारपेठांत आणि गोद्यांत एकेकाळी ओझे उचलणारे हमाल टोळीवाल्यांच्या, मुकादमांच्या हाती होते. काम मुकादम देई, मजुरी मुकादम ठरवी, हिस्सा मुकादम कापी, आणि पाठ मोडली की मुकादम ओळख विसरे. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना उभे केले आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. त्रिपक्षीय मंडळे आली. मालक नोंदला गेला, कामगारही नोंदला गेला, पगार मंडळात जमा होऊ लागला, त्यावरच्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, औषधपाणी, रजा मिळू लागली. 1981 मध्ये सुरक्षारक्षकांसाठीही असेच मंडळ या राज्याने केले. आज तुर्भ्याच्या बाजार समितीत ओझे वाहणारा माणूस मंडळाचा कामगार आहे, कोपरखैरण्यात त्याने घर केले, मुलगी इंजिनिअर केली. जगात थोड्या ठिकाणी जे झाले ते या शहरात झाले. मग कांद्याच्या गोणीला जे संरक्षण, ते बाळाला कडेवर घेणाऱ्या हाताला का नाही? मोलकरीण संघटना कित्येक वर्षांपासून असेच मंडळ मागत आहेत. घर आणि बाई, दोघांची नोंद एका मंडळात. दोघांच्या कामाचा, वागण्याचा, पगाराचा इतिहास एका ठिकाणी, आणि आरोप झाला तर दोघांची बाजू ऐकणारे माणूस. ब्युरोला धंदा करायचाच असेल तर परवाना, अनामत, कमिशन फक्त घराकडून, कुणाचेही मूळ कागद ठेवले तर गुन्हा, आणि दाखला खोटा निघाला तर तुरुंग.

यावर ठरलेले आक्षेप येतील. घराच्या उंबऱ्याआड सरकार नको म्हणतील. हुंडा, घरगुती हिंसाचार, बालविवाह यांच्या वेळी हीच ओरड झाली होती आणि प्रत्येक वेळी उंबऱ्याआड मार खाणाऱ्याचा आवाज त्या ओरडीखाली दाबला गेला होता. नियम आले तर पगार वाढेल, मध्यमवर्गाला परवडणार नाही म्हणतील. ज्याला पगार परवडत नाही त्याच्यासाठी केंद्राच्या पाळणा योजनेतली अंगणवाडी-पाळणाघरे करावे-सीवूड्सच्या प्रत्येक सेक्टरमध्ये मागा, त्या मागणीत आम्ही तुमच्यासोबत आहोत. कमी पैशांत दुसऱ्याच्या लेकीला राबवण्याचा हक्क मागाल तर नाही.

कायदा येईपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना दिली नाही म्हणून घरमालकांवर गुन्हे दाखल होतात. तसाच आदेश नवी मुंबई पोलीस आयुक्त उद्या ब्युरोंसाठी काढू शकतात: हद्दीत बाया पुरवणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचे नाव, पत्ता, पाठवलेल्या बायांची आणि घरांची यादी ठाण्यात द्यावी. नवी मुंबई महापालिका आपल्या प्रत्येक विभाग कार्यालयात आठवड्यातून एक दिवस घरेलू कामगार नोंदणीची खिडकी उघडू शकते, म्हणजे करावेतल्या बाईचा रोज बुडणार नाही. महापालिकेच्या रुग्णालयांतल्या परिचारिका पंधरा दिवसांचा बालसंगोपनाचा वर्ग घेऊ शकतात आणि त्याचे प्रमाणपत्र बाईच्या नावावर देऊ शकतात. ते तिचे असेल, ब्युरोचे नसेल. सोसायट्यांनी वार्षिक सभेत ठराव करावा की काम सोडणाऱ्या प्रत्येक बाईला लेखी दाखला मिळेल आणि फोटो फिरवणाऱ्या सभासदावर कारवाई होईल.

बाकीचे काम विधिमंडळाचे. कामगार खाते आकाश फुंडकर यांच्याकडे आहे, महिला व बालविकास खाते आदिती तटकरे यांच्याकडे. बाई एका खात्याची आणि बाळ दुसऱ्या खात्याचे असे म्हणत फाइल फिरवण्याची वर्षे संपली. दोघांनी मिळून येत्या अधिवेशनात विधेयक मांडावे. मांडणार नसाल तर कोणत्या दलालासाठी थांबला आहात, ते सभागृहात उभे राहून सांगा.